पटसंख्या हेच शाळेचे गाळप



गळिताचा हंगाम जवळ आला की आपल्या गटात दोनच विषय निघतात. तोड कधी मिळणार, आणि औंदा कारखाना किती टन गाळणार. कारखान्याचे हे गणित शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यालाही तोंडपाठ असते. कामगारांचे पगार, कर्जाचे व्याज, यंत्रांची दुरुस्ती हा खर्च ऊस आला तरी आहे आणि नाही आला तरी आहे. गाळप भरपूर झाले की तो खर्च टनावारी वाटला जाऊन हलका होतो. गाळप घटले की तोच बोजा प्रत्येक टनाच्या बोकांडी बसतो. म्हणून तर नोंद आपल्याकडे करून ऊस दुसरीकडे घालणाऱ्या सभासदाला आपण चार शब्द सुनावतो. ‘‘शेअर इथला आन् ऊस तिथं, हे कसं चालंल?’’ असे तोंडावर विचारतो. आणि ते बरोबरच आहे.

हेच गणित तालुक्याच्या गावातल्या आपल्या हायस्कुलाला लावून बघावे, एवढ्यासाठी हा लेख. शाळेचे गाळप म्हणजे तिची पटसंख्या. गेली काही वर्षे आपण सभासदच तिचा ऊस बाहेर घालतो आहोत आणि वर पुन्हा तिचा उतारा कमी पडतो म्हणून नावे ठेवतो आहोत.

आपले हायस्कूल म्हणजे कोणते, ते आधी स्पष्ट करतो. ज्या शाळेच्या मास्तरांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो आणि जिथे गावातल्या कुठल्याही घरातले मूल जातपात, ऐपत न विचारता बसते, ती शाळा. मराठवाड्यात अशी शाळा बहुधा जिल्हा परिषदेची प्रशाला असते. आपल्याकडे ती एखाद्या शिक्षणसंस्थेची अनुदानित शाळा असते. फलकावर नाव कुणाचेही असो, पैसा जनतेचा आहे. म्हणून ती सार्वजनिक शाळा, आणि म्हणून ती आपली.

अशा शाळेला शिक्षक किती द्यायचे, हे तिच्या पटावरून ठरते. त्याला संचमान्यता म्हणतात. मुले कमी झाली की तुकडी तुटते. तुकडी तुटली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते. मग गणिताचे मास्तर विज्ञानही शिकवतात, चित्रकलेचा आणि खेळाचा तास कागदावर राहतो. पालक म्हणतात, ‘‘बघा, शाळेत मास्तरच न्हाईत.’’ आणि आणखी चार पोरे काढून बसच्या शाळेत घालतात. पुढच्या वर्षी पट आणखी खाली, शिक्षक आणखी कमी. हे रहाटगाडगे एकदा फिरायला लागले की शाळा कोरडी पडेपर्यंत थांबत नाही. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा कमी पटाच्या शाळांवरच गदा येणार म्हणून शिक्षक संघटनांनी मोठी ओरड केली. त्याआधी २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव सरकारने मागवले होते. निर्णय मुंबईत होतात, पण त्यांना लागणारा आकडा आपल्या गावच्या हजेरीपटावरून जातो, हे ध्यानात ठेवा.

सगळा दोष पालकांच्या माथी मारावा असे मला म्हणायचे नाही. सरकारने मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी घातली. पुढे २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आले, तरी भरती रखडतच चालली. मास्तर निवृत्त झाले, जागा तशाच राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये शिपायाच्या कायम पदाऐवजी ठोक भत्ता देण्याचा निर्णय झाला. घंटा कोण देणार आणि वर्ग कोण झाडणार, इथपासून मुख्याध्यापकांना विचार करावा लागतो. सरकारने हात आखडला, हे खरेच आहे. पण सरकारने उसाला दर दिला नाही की आपण रस्त्यावर बसतो. शाळेला मास्तर दिला नाही म्हणून आपल्यापैकी किती जण पंचायत समितीच्या पायऱ्या चढले? शाळा ओस पडताना आपण गप्प बसलो, ही गोष्ट सरकारच्या खात्यावर टाकता येणार नाही.

या शाळा आपल्याला आयत्या मिळालेल्या नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्याला हलले. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवली, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने मोडले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीरावांच्या नावाने हायस्कूल उभे राहिले, आणि ‘कमवा व शिका’ म्हणत शेतकऱ्यांची पोरे खोरे-कुदळ हातात घेऊन शिकली. घरोघरच्या बायाबापड्यांनी दळणातून मूठ-मूठ धान्य बाजूला काढले, त्याला मुष्टिफंड म्हणत. ज्या वृत्तीने ही मूठ बाजूला निघाली, त्याच वृत्तीने पुढे शेतकऱ्याने कारखान्याचा शेअर घेतला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ सालचा. म्हणजे आपल्या मुलखात आधी शाळेचा सहकार आला आणि मग साखरेचा. हा क्रम विसरून चालणार नाही.

आणि शाळेने कारखान्याला परतफेडही केली. आपल्या शेती खात्यातला स्लिपबॉय, काट्यावरचा क्लार्क, लॅबमधला केमिस्ट, बॉयलरवरचा अटेंडंट, बँकेतला शाखाधिकारी, यांतले किती जण याच हायस्कुलाच्या बाकावरून उठून आले, ते एकदा मोजून बघा. ही माणसे कुठल्या पब्लिक स्कुलात घडली नाहीत.

यावर हमखास एक उत्तर मिळते. ‘‘अहो, ही काळाची गत आहे. मुंबईत बघा, तिथं तर मराठी शाळांना कुलपं लागली.’’ मुंबईचा दाखला निघाला म्हणून सांगतो. माझी जमीन आणि शेअर इथे असला तरी पोटापाण्यासाठी माझी तीस-बत्तीस वर्षे घाटकोपर आणि मुलुंडला गेली. आपल्या भागातली शेकडो कुटुंबे भांडुप, विक्रोळी, घाटकोपरच्या चाळींत आणि डोंगरावरच्या झोपड्यांत राहिली, ती मला ठाऊक आहेत. तेव्हा मुंबईच्या उपनगरांत नेमके काय झाले, ते नीट बघू.

ही उपनगरे म्हणजे एके काळची गावेच. अंधेरी, घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईत आली, आणि बोरिवली, मुलुंड तर १९५७ साली. त्याआधी तिथेही भातशेती, मिठागरे, गुरांचे गोठे होते. तिथल्या शाळाही लोकांनीच काढल्या. लोकमान्य टिळक १९२० साली गेले आणि दुसऱ्याच वर्षी, १९२१ मध्ये, विलेपार्ल्याच्या रहिवाशांनी त्यांच्या नावाने पार्ले टिळक विद्यालय सुरू केले. पार्ले तेव्हा मुंबईबाहेरचे गाव होते. काल्याची शाळा १९१९ ची, पार्ल्याची १९२१ ची. मुलूख वेगळा, माणसे वेगळी, पण रीत एकच. शाळा हवी तर पदर खोचून आपणच उभी करायची.

पुढे गिरणगावातून, कोकणातून, घाटावरून माणूस उपनगरांत आला तेव्हा त्याच्या पोरांना महापालिकेच्या मराठी शाळांनी आणि लोकांच्या अनुदानित शाळांनी पोटाशी घेतले. मग इंग्रजीची हवा आली. ज्याला परवडले त्याने पोर काढले. त्याचे बघून ज्याला परवडत नव्हते त्यानेही कर्ज काढून पोर काढले. जाणत्या घरांतली मुले गेली, त्यांच्याबरोबर जाब विचारणारे पालक गेले, आणि मागे राहिलेल्या गरिबाच्या शाळेकडे कुणी फिरकेना. तुकड्या तुटल्या, वर्ग बंद झाले. गल्लीच्या तोंडाशी असलेली फुकट शाळा गेली आणि वॉचमनचा, रिक्षावाल्याचा, धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार फीच्या पावत्यांत जायला लागला. आपल्याच भाऊबंदांनी हे भोगले आहे. ही काळाची गत असेल, तर तिच्या वाटेत आडवे पडायला हवे.

पण मुंबईच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती कुणी सांगत नाही. २०२० साली महापालिकेने जोगेश्वरीच्या पूनम नगरात आपली सीबीएसईची शाळा काढली आणि माटुंग्याच्या वुलन मिल शाळेत आयसीएसईचे वर्ग काढले. मुंबई पब्लिक स्कूल असे नाव दिले. काय झाले? जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि प्रवेशासाठी सोडत काढायची वेळ आली. काल ज्या महापालिकेच्या शाळेला लोक नाके मुरडत होते, तिच्याच दारात पालकांची रांग लागली. आता मंडळ बदलले, माध्यम बदलले, म्हणून रांग लागली असे कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहेच, आणि मराठी सोडूनच शाळा भरावी हे मला पटतही नाही. पण त्या रांगेने एक गोष्ट शाबीत केली. लोकांना सरकारी शाळेचा विटाळ नाही. त्यांना ओसाड शाळेचा कंटाळा आहे. तुम्ही शाळेत जीव ओता, लोक परत येतात.

आता आपल्याकडचा हिशोब मांडू. बसच्या शाळेत एका मुलाची फी, बसभाडे, वह्या-पुस्तके, दोन जोड गणवेश असे मिळून वर्षाला चाळीस हजार धरा. टनाला तीन हजार रुपये हातात पडतात असे धरले तर हे तेरा-चौदा टन उसाचे बिल झाले. दोन मुले असतील तर सव्वीस-सत्तावीस टन. अर्धा एकर ऊस वर्षभर आपण केवळ टाय-बुटासाठी पिकवतो, असा याचा अर्थ. एवढे देऊनही घरी आलेल्या पोराला शिकवणी लावावी लागते, ती वेगळी. इंग्रजी शाळा नावाची पाटी लावली म्हणून आत शिकवणारी बाई इंग्रजीत पारंगत असतेच असे नाही, हेही आपण सगळे जाणतो. तिला महिना किती मिळतात, ते एकदा विचारून बघा.

यात सगळ्यांत जास्त नुकसान कुणाचे, तर मुलींचे. दोन पोरांची फी झेपत नाही तेव्हा घरात काय ठरते, ते सांगायला नको. मुलगा बसने जातो आणि मुलगी हायस्कुलात जाते. म्हणजे उद्या हे हायस्कूल मोडले तर घरी बसणारी मुलगी असेल. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, पण त्याचे छत्र सहा ते चौदा वर्षांच्या वयापुरते, म्हणजे आठवीपर्यंत. नववी-दहावीची शाळा लांब गेली तर कायदा तिला हात द्यायला येणार नाही. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एस. टी. चा पास फुकट मिळतो, हे चांगलेच आहे. पण पास फुकट असून गाडी वेळेवर नसेल आणि अंधार पडल्यावर पोरगी फाट्यावर उतरणार असेल, तर आई दप्तर खुंटीला अडकवते. मग सोळाव्या-सतराव्या वर्षी तिच्या लग्नाची बोलणी निघतात. शाळेचा पट घसरला की त्याचा शेवट असा होतो.

‘‘मग काय, आम्ही पोरांना इंग्रजी शिकवू नये?’’ असा प्रश्न येईल. जरूर शिकवावे. इंग्रजीची भूक खोटी नाही. कर्जाचे कागद, औषधाची बाटली, कोर्टाचा निकाल सगळे इंग्रजीत असताना शेतकऱ्याच्या पोराला ती भाषा नको, असे म्हणणारा त्याचा हितचिंतक नव्हे. पण त्यासाठी मराठी शाळा सोडायचे कारण नाही. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून, अशी सेमी-इंग्रजीची सोय अनुदानित शाळांत होते. तिला चांगले इंग्रजी शिकवणारा एक शिक्षक जोडला की पोरगे दोन्ही भाषांत उभे राहते. घरात जी भाषा बोलतो त्या भाषेत प्रश्न विचारायची सवय लागलेले पोर पुढे कुठेही अडत नाही.

आता कारखान्याने काय करावे, ते सांगतो. नुसती टीका करून खाली बसणे सोपे आहे.

पहिली गोष्ट पैशाची. आपल्या ऊस बिलातून शिक्षणासाठी कपात होते. ती कुठल्या शाळेवर, कुठल्या कॉलेजवर किती खर्च झाली, याचा स्वतंत्र तक्ता वार्षिक अहवालात यावा. आणि त्यातला टनामागे एक रुपया या हायस्कुलासाठी वेगळा काढावा. सहा लाख टन गाळप धरले तर सहा लाख रुपये होतात. एवढ्यात प्रयोगशाळेची मोडकी टेबले बदलतात, वाचनालयाला पुस्तके येतात, मुलींचे स्वच्छतागृह पाण्यासकट नीट होते, आणि रिकाम्या जागेवर गणित-इंग्रजीच्या एका शिक्षकाचे मानधनही निघते. इमारतीवर कमान बांधण्यात मात्र यातला एक पैसा जाऊ नये.

दुसरी गोष्ट माणसांची. आपल्याकडे केमिस्ट आहेत, इंजिनिअर आहेत, शेती अधिकारी आहेत. हंगाम संपल्यावर महिन्यातून दोन दुपारी त्यांनी नववी-दहावीच्या वर्गावर जावे. रसाचा ब्रिक्स कसा मोजतात, मातीचा सामू कसा काढतात, बॉयलरमध्ये वाफेचा दाब कसा धरतात, हे पोरांनी हात लावून बघावे. पुस्तकातले विज्ञान आपल्याच बांधावर आहे, हे त्यांना एकदा कळले की पाठांतराची गरज निम्मी कमी होते.

तिसरी गोष्ट देखरेखीची. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. आपण मात्र सही करून घरी जातो. संस्थेच्या निवडणुकीत पॅनेल लावायला जेवढा उत्साह दाखवतो, त्याच्या चार आणे उत्साह या समितीत दाखवावा. मास्तर वेळेवर येतात का, तास होतात का, हे तिथे विचारावे. विचारणारा असला की शिकवणाराही सावध असतो, आणि चांगल्या मास्तराला पाठबळ मिळते. चांगले मास्तर आजही आहेत. त्यांना एकटे पाडू नका.

चौथी गोष्ट फडावरच्या पोरांची. बीड, नगर, जालना भागांतून आपल्या उसासाठी टोळ्या येतात. त्यांची पोरे कोपीपाशी धाकटी भावंडे सांभाळत बसतात, थोडी मोठी झाली की मोळ्या वाहतात. आठवीपर्यंतच्या मुलाला वर्षात केव्हाही शाळेत घ्यावे लागते आणि दाखला नाही म्हणून अडवता येत नाही, असे कायदा म्हणतो. कारखान्याने आपल्या ट्रॅक्टरवाल्यांना सांगून सकाळी ही पोरे जवळच्या शाळेत पोहोचवली, तर त्यांचे शिक्षणही तुटणार नाही. ज्यांच्या कोयत्यावर आपला हंगाम चालतो, त्यांच्या पोरांचे एवढे देणे आपण लागतो.

पाचवी गोष्ट जरा झोंबेल. संचालक मंडळ, अधिकारी आणि गावोगावचे पुढारी यांच्या घरातले एक तरी मूल या हायस्कुलात असावे. चेअरमनांचा नातू ज्या वर्गात बसतो, त्या वर्गाचे छप्पर गळत राहत नाही. कारखान्याचा ऊस आधी संचालकाच्या शेतातून यावा, असे आपण म्हणतो ना? मग शाळेलाही तोच न्याय लावा.

काही जण म्हणतील, कारखान्याने साखर करावी, शाळेच्या भानगडीत पडू नये. त्यांना एवढेच विचारतो. पाण्याची पाळी, जमिनीचा कस, ठिबकचा हिशोब, खताची मात्रा, बँकेचे व्याज हे सगळे ज्या पोराला कळायला हवे, ते पोर कुठे तयार होणार? पुढच्या वीस वर्षांचा सभासद आज आठवीत आहे. त्याच्या वर्गात मास्तर नसेल तर आपल्या कारखान्याच्या सभेत उद्या प्रश्न विचारणारा सभासद नसेल, नुसता हात वर करणारा असेल. सहकार बुडवायला तेवढे पुरते.

तेव्हा यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भावाचा प्रश्न विचारून झाला की कुणीतरी उठून दुसराही प्रश्न विचारावा. आपल्या हायस्कुलाचा पट किती, मंजूर शिक्षक किती, रिकाम्या जागा किती, आणि आपल्या कपातीतले तिथे किती गेले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि पुढच्या वर्षी तेच इतिवृत्त उघडून पुन्हा विचारावे. घरी गेल्यावर आपल्या पोराची नोंद कुठे करायची, याचाही कारभारणीला घेऊन एकदा शांतपणे विचार करावा. उसाच्या नोंदीइतकाच या नोंदीला मान द्यावा, एवढी विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद